पाच पूर्णांक आठ मिलिसेकंदांची पंगत

"मुलगा घरीच गाणी करतो म्हणतोय. त्यासाठी म्हणे गेमिंगचाच कॉम्प्युटर लागतो. खरं का हो?"

हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात गाठतो, सोसायटीच्या मीटिंगनंतर गाठतो, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हत्यार असतानाच तो विचारला होता. त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा दुसरा प्रश्न आधीपासून गाणी करणाऱ्यांकडून येतो: "सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय. घेऊन टाकू? माझ्या मशीनला झेपेल ना?"

दोन्ही प्रश्न वरवर खरेदीचे वाटतात. पण कॉम्प्युटर आवाजाचं काम करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे दुकानात जाण्याआधी एकदा पाहून घेतलं की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते. आवाजाच्या कामाला कॉम्प्युटर वक्तशीर लागतो. वेगवान असला तर उत्तमच, पण वेगवान आणि बेभरवशाचा असला तर उपयोग शून्य. व्हिडिओचं काम करताना मशीन दोन सेकंद अडकलं तर आपण चहाचा एक घोट घेतो. गाणं चालू असताना ते सेकंदाचा शंभरावा भाग जरी अडकलं तरी कानात 'टक्' होतं, आणि गायिकेने जीव ओतून घेतलेली जागा वाया जाते.

१. ठिपक्यांची रांगोळी

माइकसमोर गायलं की हवेतल्या दाबाच्या लाटा माइकच्या पडद्यावर आदळतात आणि तारेतून तशीच चढउतार करणारी वीज निघते. कॉम्प्युटरला लाट कळत नाही, आकडे कळतात. म्हणून त्या लाटेची उंची ठरावीक वेळाने मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके आणि मग त्यांना जोडणारी रेघ, तसंच हे. ठिपके पुरेसे जवळजवळ असले की रेघ हुबेहूब उमटते.

पुरेसे म्हणजे किती? तरुण, धडधाकट कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं. एका कंपनात एक चढ आणि एक उतार. ते पकडायला दोनाहून थोडे जास्त ठिपके हवेत, म्हणजे सेकंदाला ४०,०००च्या वर. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ४४,१०० हा आकडा घेतला. हा असला बिनगोल आकडा कुठून आला? तेव्हा डिजिटल आवाज साठवायला स्वस्त साधन एकच होतं, व्हिडिओ टेप. मग टीव्हीच्या चित्राच्या ओळींमध्येच आवाजाचे आकडे भरायचे, एका ओळीत तीन. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० पडदे आणि प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी: ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० पडदे आणि २९४ ओळी: ५० × २९४ × ३, उत्तर पुन्हा ४४,१००. दोन्ही पद्धतींत चालणारा आकडा मिळाला आणि तोच टिकला. आज तुमच्या मोबाइलवर वाजणाऱ्या गाण्यात जुन्या व्हिडिओ टेपची ही खूण शिल्लक आहे.

व्हिडिओसाठी ४८,०००ची पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्ये ९६,००० आणि १,९२,०००चे पर्यायही दिसतात. नव्या माणसाचा हात तिकडेच जातो. ठिपके दुप्पट म्हणजे मशीनचं काम दुप्पट आणि जागा दुप्पट. कान मात्र होते तेवढेच राहतात. घरच्या स्टुडिओत ४४,१०० किंवा ४८,००० ठेवावं आणि पुढे जावं.

प्रत्येक ठिपक्याची उंची किती बारकाईने मोजायची, तो दुसरा आकडा. सीडीत १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी २४ बिट घेतात, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या. इथे मात्र कंजुषी करू नये. पायऱ्या इतक्या असल्या की आवाज जरा हळू भरला तरी चालतो, आणि गायक तार सप्तकात अचानक सुटला तरी फाटत नाही.

२. पातेलं केवढं घ्यायचं

आता पंगत. पानं मांडलीत, मंडळी बसलीत, भात संपत आलाय. वाढपी मुदपाकखान्यातून भात आणतोय. तो एकेक शीत आणत नाही, पातेलं भरून आणतो. कॉम्प्युटरही एकेक ठिपका पाठवत नाही. ठराविक ठिपक्यांचा एक घाणा तयार करतो आणि एकदम पाठवतो. या पातेल्याला बफर म्हणतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असे त्याचे आकार दिलेले असतात.

समजा आपण २५६ निवडलं. सेकंदाला ४४,१०० ठिपके लागणार, पातेल्यात मावतात २५६. भागाकार केला की एक पातेलं ५.८ मिलिसेकंदांत संपतं. म्हणजे पुढचं पातेलं त्याच्या आत हजर झालं पाहिजे. सेकंदाला सुमारे १७२ वेळा, तासभर, एकदाही न चुकता. एकदा चुकलं की पान रिकामं, आणि तोच तो 'टक्'. सरासरी चांगली असून भागत नाही. शंभर पंगती वेळेत उठवल्या आणि एका पंगतीत भात पोचलाच नाही, तर गावात चर्चा त्याच पंगतीची होते.

मग सरळ १०२४चं पातेलं घेतलं तर? फेऱ्या कमी होतील, मुदपाकखान्याला उसंत मिळेल. खरं आहे, पण मोठं पातेलं भरेपर्यंत पंगतीला ताटकळावं लागतं. १०२४ ठिपक्यांना २३.२ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने हा उशीर म्हणजे वादक तुमच्यापासून आठ मीटरवर बसल्यासारखा. त्यात आवाज माइककडून आत येताना एक पातेलं आणि हेडफोनकडे बाहेर जाताना दुसरं, म्हणजे उशीर दुप्पट आणि वर थोडा. कीबोर्डची पट्टी दाबायची आणि सूर सोळा मीटरवरून ऐकू यायचा, अशा स्थितीत द्रुत तीनताल वाजवून पाहा! गायकाला तर हे लवकर खटकतं, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून मागाहून.

तोडगा फुकटात आहे. रेकॉर्डिंग करताना पातेलं लहान ठेवा, १२८ किंवा जमलं तर ६४. सगळं भरून झालं, नुसतं आवाज जुळवण्याचं काम उरलं, की १०२४ करा. तेव्हा उशीर झाला तर कुणाचं बिघडतंय? 'मशीन बदलावं लागणार' अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं मी या एका आकड्यावर बरं करून परत पाठवलंय.

३. मधली पेटी

ही पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारा, दोन-चार बटणांचा छोटा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. ठिपके मोजायचे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे काम त्याचं. चांगल्या कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो.

लॅपटॉपला हेडफोनचं भोक असताना हा खर्च कशाला? एक कारण स्वच्छ आवाज. दुसरं कारण आपल्या पंगतीशी जोडलेलं आहे. विंडोजमध्ये आवाज बाहेर पडण्याचा नेहमीचा रस्ता वर्दळीचा आहे. गाणं, मेलची घंटी, व्हिडिओ कॉल, सगळं एकत्र कालवून पुढे सोडायचं म्हणून तिथे जास्तीची पातेली मांडलेली असतात. १९९७ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने 'एएसआयओ' नावाची व्यवस्था आणली. तिने वाढप्याला मुदपाकखान्यातून थेट पंगतीत जायला मागचं दार उघडून दिलं. मॅकमध्ये 'कोअर ऑडिओ' हे दार मुळातच आहे. म्हणून इंटरफेस घेताना डब्याच्या रंगाआधी त्याच्या कंपनीने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिलाय का आणि तो वेळोवेळी सुधारलाय का, ते पाहावं.

शिवाय बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण किंवा खुंटी असते. ती फिरवली की माइकचा आवाज रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरकडे जातोच, पण हेडफोनमध्ये तो परस्पर येतो. उशीर जवळपास शून्य. जुन्या, दमलेल्या लॅपटॉपवरही गाणं भरता येतं ते या खुंटीमुळे.

४. आचारी किती आणि किती चपळ

मुदपाकखान्यातला आचारी म्हणजे प्रोसेसर. आजच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ, बारा आचारी असतात, त्यांना कोअर म्हणतात. जाहिरात आचाऱ्यांच्या संख्येची होते. आपल्याला त्याआधी एकेका आचाऱ्याची चपळाई पाहायची आहे.

एका गायिकेच्या ट्रॅकवर काय काय लावलंय बघा. आधी खरखर काढणारं प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये वरून बसवलेली जोडणी), मग जाडबारीक स्वर सारखे करणारं, मग मोठा-लहान आवाज आटोक्यात ठेवणारं, शेवटी देवळासारखा घुमारा देणारं. हे एकामागून एकच व्हायला हवं. डाळ शिजल्याशिवाय फोडणी देता येत नाही, मग बारा आचारी का उभे असेनात. तबल्याची डाळ दुसऱ्या आचाऱ्याने, बासरीची तिसऱ्याने, अशी वाटणी होते. पण एका ट्रॅकची साखळी एकाच्याच गळ्यात पडते, आणि ती ५.८ मिलिसेकंदांत पुरी झालीच पाहिजे. सगळे ट्रॅक एकत्र आल्यानंतर शेवटी जी मोठी साखळी लागते, तिचंही तेच.

यातून एक कोडं सुटतं, जे फार जणांना छळतं. टास्क मॅनेजर उघडावा तर प्रोसेसर फक्त तेरा-चौदा टक्के कामात, आणि आवाज मात्र तुटतोय. आठ आचाऱ्यांपैकी एक पुरा जुंपलेला असेल आणि सात तंबाखू मळत बसले असतील, तर सरासरी किती? एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के. वर इतर किरकोळ कामं. सरासरीच्या आकड्यात तो एक घामाघूम माणूस दिसत नाही. अशा वेळी त्या ट्रॅकला 'फ्रीज' करावं. म्हणजे साखळीतून निघालेला आवाज एकदाच फाइल म्हणून लिहून ठेवायचा आणि आचाऱ्याला मोकळं करायचं. हे बटण जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि जवळपास कुणी दाबत नाही.

आचारी चपळ असून पंगत चुकते त्याची आणखी दोन कारणं. एक, उष्णता. पातळ, देखणे लॅपटॉप तापले की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतात. नागपुरात मे महिन्यात पहिलं गाणं सुरळीत भरलं जातं आणि दुसऱ्याच्या अंतऱ्याला टकटक सुरू होते, ते यामुळे. दोन, मध्येच येणारे पाहुणे. वायफायचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, आपोआप सुरू होणारा अपडेट यांतला एखादा आचाऱ्याचा हात धरून त्याला दहा मिलिसेकंद बोलत ठेवतो. 'लेटन्सीमॉन' नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालवलं की कोणता पाहुणा किती वेळ खातो ते दिसतं. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करणं आणि वीज वाचवणारी सेटिंग काढून टाकणं, एवढ्यावरही पुष्कळदा काम भागतं.

वक्तशीरपणाचा जुना नमुना म्हणजे १९८५चा अटारी एसटी. प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आजच्या साध्या फोनपुढे चिल्लर. पण त्याला कीबोर्ड-सिंथेसायझर जोडायची मिडीची भोकं कारखान्यातूनच दिलेली होती, आणि मध्ये लुडबुडणारे पाहुणे नव्हते. क्यूबेस हे नामांकित सॉफ्टवेअर १९८९ मध्ये आधी याच मशीनवर आलं. अटारी आवाज साठवत नव्हता. कोणती पट्टी कधी आणि किती जोराने दाबायची, एवढाच निरोप वाद्यांना द्यायचा. निरोप मात्र नेमका वेळेवर, आणि त्या बळावर त्याने कित्येक वर्षं मोठमोठे स्टुडिओ सांभाळले.

५. ओटा आणि कोठी

ओटा म्हणजे रॅम, कोठीघर म्हणजे डिस्क. कोठीतून सामान काढून ओट्यावर मांडल्याशिवाय आचाऱ्याला हात लावता येत नाही.

आधी साध्या रेकॉर्डिंगचा हिशेब. २४ बिट म्हणजे ३ बाइट. सेकंदाला ४४,१०० × ३ = १,३२,३०० बाइट, म्हणजे मिनिटाला साधारण ८ एमबी. सहा मिनिटांचा अभंग, पखवाज, टाळ, पेटी, बासरी, मागचे टाळकरी धरून २४ ट्रॅक: ८ × ६ × २४ = ११५२ एमबी, म्हणजे सव्वा जीबीच्या आत. फसलेले टेक जपून ठेवायची खोड असेल (मला आहे) तर पाच-सहा जीबी. आणि हे चोवीस ट्रॅक एकदम वाजवायला सेकंदाला जेमतेम सव्वातीन एमबी वाचावे लागतात. जुनी फिरती हार्डडिस्कही हे हसतहसत करते.

मग एसएसडीचा आग्रह का? कारण हल्ली निम्मी वाद्यं माणूस वाजवत नाही. सॅम्पल लायब्ररीत तबल्याचा एकेक बोल वेगवेगळ्या जोराने वाजवून भरून ठेवलेला असतो. समजा ३० बोल, प्रत्येक पाच जोरांत, आणि कानाला यांत्रिक वाटू नये म्हणून प्रत्येकाचे चार नमुने: ३० × ५ × ४ = ६०० तुकडे. दीड-दीड सेकंदाचा तुकडा, डावं-उजवं दोन्ही मिळून, धरला तर एकूण २४० एमबी. पण वादनाच्या ओघात यांतला कोणता तुकडा कधी लागेल, सांगता येत नाही. ७२०० फेऱ्यांची हार्डडिस्क एक फेरी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद घेते. आपली मुदत ५.८ची! तुकडा नुकताच सुईखालून निघून गेला असेल तर तो परत येईपर्यंत पंगत उठलेली. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे सामान शोधायला या वेळाचा किरकोळ अंश लागतो. शिवाय ही सॉफ्टवेअर एक युक्ती करतात. प्रत्येक तुकड्याची फक्त सुरुवात ओट्यावर आधीच मांडून ठेवतात आणि ती वाजेपर्यंत उरलेला भाग कोठीतून ओढतात. म्हणून लायब्ररी मोठी की ओटाही मोठा हवा.

माझं मत असं: गाणं, दोन-चार खरी वाद्यं आणि थोडी सॅम्पल, एवढ्याला १६ जीबी रॅम पुरते. पन्नास व्हायोलिनांचा ताफा कॉम्प्युटरमधून काढायचा असेल तर ३२ किंवा वर. आठ जीबीचं नवं मशीन घेऊ नये. आणि नंतर वाढवू असं म्हणण्याआधी वाढवता येते का ते विचारावं. ॲपलच्या २०२० नंतरच्या एम मालिकेतल्या मशीनमध्ये रॅम मागाहून घालता येत नाही, आणि पुष्कळ पातळ विंडोज लॅपटॉपांतही नाही.

६. लॅमिंग्टन रोडवर

आता सुरुवातीच्या, गेमिंगच्या कॉम्प्युटरच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. गेमिंगच्या मशीनमध्ये प्रोसेसर चपळ असतो, पंखे दणकट असतात, ते आपल्याला चालतं. पण किमतीचा सगळ्यात मोठा घास ग्राफिक्स कार्ड घेतं, आणि ते आपल्या मुदपाकखान्यात जवळपास काहीच शिजवत नाही. वर त्याचे पंखे माइकमध्ये ऐकू येतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या जुळणी करून देणाऱ्या दुकानात गेलात तर काच लावलेली, आतून सात रंगांत उजळणारी पेटी समोर येईल. नको म्हणा. ज्यात ग्राफिक्स आतच असतं तो प्रोसेसर घ्या. वाचलेल्या पैशांत मोठा, सावकाश फिरणारा पंखा घ्या. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, म्हणून गप्प असतो. नामवंत कंपनीचा वीजपुरवठा, एक टीबी एसएसडी आणि बॅकअपसाठी साधी बाहेरची हार्डडिस्क. यूपीएस तर हवाच. आणि एकूण पैशांतले निम्म्याहून जास्त कॉम्प्युटरवर घालवू नयेत. उरलेल्यात इंटरफेस, माइक आणि कानावर घट्ट बसणारा हेडफोन. महागडं मशीन आणि फोनचा इअरफोन, ही जोडी मी इतक्या घरांत पाहिलीय की आता काही बोलत नाही.

बिली आयलिश या गायिकेचा २०१९चा पहिला अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरी झोपायच्या खोलीत केला. जानेवारी २०२० मध्ये त्याला सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे उदाहरण मुलं आईबापांना हटकून सांगतात. खोलीत काय काय सामान होतं यापेक्षा फिनियसला तोवर काय येत होतं, हा त्यातला महत्त्वाचा भाग तेवढा गाळतात.

७. नवी आवृत्ती

गाणी करायच्या सॉफ्टवेअरला या धंद्यात 'डॉ' म्हणतात. डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं, दवाखान्याशी संबंध नाही. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर ही नेहमी कानावर पडणारी नावं. प्रत्येकाची अधूनमधून नवी आवृत्ती येते आणि सोबत आपल्याला मागे पडल्याची भावना.

यात खरी गुंतागुंत डॉची नसते, प्लगइनची असते. १९९६ मध्ये स्टाइनबर्गनेच 'व्हीएसटी' ही पद्धत आणली: डॉ कुणाचाही असो, बाहेरच्या कुणीही बनवलेलं वाद्य किंवा घुमारा त्यात बसवता यावा. मिक्सरचं बूड एका कंपनीचं आणि भांडी गावभरच्या कंपन्यांची, असं समजा. बूड बदललं की सगळी भांडी बसतीलच असं नाही.

असं घाऊक न बसणं एकदा घडलं. जुनी सॉफ्टवेअर ३२ बिटांची होती. पत्त्याला ३२ खाने, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते, म्हणजे ४ जीबी रॅम. पिनकोड सहा आकडी असला की दहा लाखांहून जास्त पिनकोड देताच येत नाहीत, तसंच. मग ६४ बिट आले. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटांना दार बंद केलं आणि ज्यांचे कर्ते धंदा सोडून गेले होते ती प्लगइन त्या दिवशी निवर्तली. विंडोजकडे पाहा: १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची सर्वसाधारण मुदत संपली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. असं जुनं मशीन नीट चालत असेल तर त्याचं इंटरनेट तोडावं आणि ते फक्त गाण्याला ठेवावं. मी तेच केलंय.

कंपन्यांचाही भरवसा नसतो. २००२ मध्ये ॲपलने लॉजिकची मूळ कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक संपलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने सोनार या जुन्या सॉफ्टवेअरचं काम थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन चक्क फुकट वाटलं, म्हणजे आदल्या वर्षी पैसे भरलेल्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. एफएल स्टुडिओ १९९७ पासून आहे आणि एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. रीपर हे विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं. साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा. नवशिक्याला मी हेच देतो. दिसायला रुक्ष आहे, पण जुन्या मशीनवर हलकं चालतं.

मी स्वतः आपटलो तो प्रसंग सांगतो. आषाढी चार दिवसांवर, एक अभंग जवळजवळ तयार. रात्री अकराला नव्या आवृत्तीचा निरोप आला, त्यात घुमाऱ्याचं नवं प्लगइन होतं, मोह झाला. बसवली, अभंग उघडला, सवयीने सेव्ह केला. टाळांवरचा जुना घुमारा गायब. त्याच्या कर्त्यांनी नवी आवृत्ती काढलेलीच नव्हती. ठीक, जुन्या आवृत्तीत जाऊ. तर जुनी म्हणते, ही फाइल माझ्या पुढच्या काळातली आहे, मला वाचता येत नाही. दोष माझाच. सगळे टाळ आणि पखवाज पुन्हा जुळवताना पहाटेचे साडेचार झाले.

तेव्हापासून माझ्या घरी रिवाज आहे. गाणं हातात असताना आवृत्ती बदलायची नाही, कितीही लाडीगोडी आली तरी. बदलायची तेव्हा आधी सगळ्या डिस्कची प्रत, आणि परवाने जुन्या मशीनवरून सोडवून घ्यायचे, कारण कितीतरी प्लगइन दोन-तीनच मशीनवर चालू देतात आणि डिस्क पुसून बसलात की तो परवाना अडकतो. गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत साधी वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवायचा. वेव्ह हा प्रकार १९९१चा. तेव्हाची फाइल आजही कुठल्याही डॉमध्ये मुकाट उघडते.

मग नवी आवृत्ती घ्यावी कधी? तिच्यातली एखादी सोय तुम्ही गेल्या महिन्यात चारदा मनातल्या मनात मागितली असेल तेव्हा.

८. पांढरी पाच

मशीन आलं, सॉफ्टवेअर बसलं. खोली उरली. खोलीच्या घुमण्याबद्दल पुन्हा कधीतरी, तोवर माइकच्या मागच्या भिंतीवर नव्हे, तर गायकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण माइक गायकाकडे तोंड करून असतो आणि गायकामागची भिंतच त्याला जास्त ऐकू येते. आज फक्त विजेबद्दल.

एक बाई भावगीत भरायला आल्या होत्या. त्यांचा स्वर पांढरी पाच. हेडफोन चढवला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, "तानपुरा किंचित चढलाय हो."

"तानपुरा अजून लावलाच नाही, ताई."

मी हेडफोन घेतला. बारीक गुंऽऽ होतं. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तिची गुणगुण आवाजाच्या तारेत शिरली की ५०वर आणि तिच्या दुप्पट, १००वर ऐकू येते. पेटीची पांढरी पाच खाली खाली नेली तर ९८ आणि ४९वर येते. म्हणजे वीज पांढरी पाचच्या जराशी वर गात होती. बाईंचा कान बिनचूक होता.

लॅपटॉप चार्जरवर होता. त्याच्या धातूच्या अंगावरून बोटं फिरवली तर झिणझिण्या. चार्जर काढला, गुंऽऽ गेलं. लावला, परत आलं. प्लग तीन पिनांचा होता, पण भिंतीतल्या बोर्डामागे अर्थिंगची तार सुटून लोंबत होती. बांधणाऱ्याने ती कधी आवळलीच नसावी. (ही तक्रार घेऊन आलेल्यांना कुणीतरी तिसरी पिन कापायचा सल्ला देतं. अर्थिंग जिवासाठी असतं, तसलं करू नये. कॉम्प्युटर, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच चांगल्या बोर्डावर लावावं.)

वायरमनने दहा मिनिटांत तार आवळून दिली. तोवर बाईंचा चहा झाला. त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हं. आता लावा तानपुरा."